वाचकांचे प्रश्न : जर्मनीतले मीठ, चहा, काडेपेटी आणि बल्बवरचे गेलेले कर

जर्मनीत मीठ, साखर, चहा, काडेपेट्या, विजेचे दिवे, पत्त्यांचे कॅट अशा घरगुती वस्तूंवर एकेकाळी स्वतंत्र कर होते. आज त्यांतला जवळजवळ एकही शिल्लक नाही. या करांबद्दल वाचकांनी विचारलेले काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : जर्मन शिकताना जुन्या मजकुरात ‘झाल्त्सश्टॉयर’, ‘लॉइश्टमिटेलश्टॉयर’ असे शब्द येतात. हे कर कशावर होते आणि कधी बंद झाले?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : पहिला मिठावर, दुसरा दिव्यांवर. दुसऱ्यात विजेचे बल्ब, ट्यूब आणि आर्क दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या येत. अशा लहानसहान करांना तिकडे ‘बागाटेलश्टॉयर्न’, म्हणजे किरकोळ कर म्हणत. ते एका फटक्यात गेले नाहीत. कृत्रिम गोडीवरचा (सॅकरिन वगैरे) कर १९६५ मध्ये संपला. काडेपेट्या, पत्ते आणि ॲसेटिक आम्लावरचे कर १ जानेवारी १९८१ पासून रद्द झाले. मीठ, साखर, चहा आणि दिवे यांच्यावरचे कर १९९२ च्या ३१ डिसेंबरपर्यंत चालू होते. १ जानेवारी १९९३ ला हे चारही एकदम गेले.

अभ्यासासाठी एक सूचना. हे कर आयकराच्या कचेरीकडे, म्हणजे फिनान्त्सआम्टकडे नव्हते. ते सीमाशुल्क खातं गोळा करायचं. त्यामुळे जुनी कागदपत्रं शोधायची तर ‘हाउप्टत्सोलआम्ट’ या मुख्य सीमाशुल्क कचेरीच्या दप्तरात शोधा. कुटुंबाच्या हिशेबवहीत किंवा दुकानाच्या बिलात या करांची वेगळी ओळ बहुधा सापडणार नाही. कर कारखान्याच्या किंवा गोदामाच्या दारातच वसूल व्हायचा, मग किमतीत मुरून जायचा. गिऱ्हाइकाला तो दिसतच नसे, आणि इतकी वर्षं टिकण्याचं हे एक मोठं कारण आहे.

प्रश्न : घरटी या करांचा बोजा किती पडत असेल? फार मोठा होता का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : शेवटच्या वर्षांतले दर घेऊन हिशेब मांडू. मिठाला १०० किलोमागे १२ मार्क, म्हणजे किलोला १२ फेनिग. अर्ध्या किलोच्या पुड्याला ६ फेनिग. साखरेला १०० किलोमागे ६ मार्क, म्हणजे किलोला ६ फेनिग. चहाला मात्र किलोमागे ४.१५ मार्क, म्हणजे १०० ग्रॅमच्या पाकिटात साडेएक्केचाळीस फेनिग सरकारचे.

समजा, चार माणसांच्या घरात वर्षाला १० किलो मीठ, ५० किलो साखर आणि २ किलो चहा लागतो. मिठाचे १ मार्क २० फेनिग, साखरेचे ३ मार्क, चहाचे ८ मार्क ३० फेनिग. एकूण साडेबारा मार्क; युरोत (१ युरो = १.९५५८३ मार्क) सुमारे ६ युरो ४० सेंट. वर्षभराचे! यात एक गोष्ट धरलेली नाही : बिस्किटं, मुरांबे, शीतपेयं यांत जाणारी साखरही करपात्र होती आणि तो पैसा त्या त्या पदार्थाच्या किमतीतून वसूल व्हायचा. तरीही आकडा किरकोळच राहतो. तक्रार बोजाची नव्हतीच. १०० किलोमागे १२ मार्क मिळवायला प्रत्येक मिठागरावर आणि खाणीवर देखरेख, नोंदवह्या, मोहोरबंद गोदामं आणि तपासनीस ठेवावे लागत, हा खरा आक्षेप होता.

प्रश्न : रॉकेलच्या दिव्याला कर नाही आणि विजेच्या बल्बला आहे, हा उलटा न्याय कसा?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : याचं उत्तर १९०९ च्या राजकारणात आहे, आणि ते वरवर दिसतं त्याहून बरंच मजेशीर आहे.

आरमारावरच्या खर्चाने जर्मन साम्राज्याची तिजोरी कर्जात बुडाली होती. चॅन्सलर ब्यूलो यांच्या सरकारने वर्षाला सुमारे ५० कोटी मार्क नव्याने उभे करायचं ठरवलं. अर्थखात्याचे प्रमुख राइनहोल्ड झिडोव्ह यांच्या योजनेत दोन गोष्टी होत्या : वारसा कराची व्याप्ती वाढवायची, आणि गॅस व वीज यांच्या वापरावर कर बसवायचा. वारसा कराला जमीनदारांचा पक्ष आडवा आला. आपल्या इस्टेटीची मोजदाद सरकारने करावी हे त्यांना मान्य नव्हतं. जून १९०९ मध्ये तो प्रस्ताव राइखस्टागमध्ये, म्हणजे संसदेत पडला आणि जुलैत ब्यूलो पायउतार झाले. गॅस-विजेवरच्या कराला कारखानदारांचा विरोध होता, कारण तो यंत्रांवरही पडला असता.

तिजोरी तर भरायची होतीच. मग जे मोजायला सोपं आणि ज्याच्या बाजूने बोलायला सभागृहात कोणी नाही, त्याच्यावर कर बसले. वीज सोडली आणि बल्ब धरला. कारखान्याच्या मोटारीला लागणारी वीज सुटली, उजेडाला लागणारा बल्ब सापडला. त्याच वेळी काडेपेटीवर नवा कर आला. बिअर, दारू, तंबाखू, कॉफी, चहा यांवरची वसुलीही वाढली. दिव्यांवरचा कर १ ऑक्टोबर १९०९ पासून लागू झाला.

रॉकेलचा दिवा सुटला त्याला दोन कारणं. तो गरिबाघरचा होता, आणि त्यात बदलायचा असा नगच नव्हता. काच फुटली तर बदलायची, वात कापायची, बस. बल्ब मात्र जळतो, पुन्हा घ्यावा लागतो. शिवाय तो मोजक्या कारखान्यांतून बाहेर पडतो आणि त्याच्यावर वॅटचा आकडा असतो. आकारणी प्रकारानुसार आणि वॅटच्या टप्प्यांनुसार नगावर होती. गॅसच्या दिव्यातल्या जाळीवर, म्हणजे मँटलवरही सुरुवातीपासून कर होता.

नगावरच्या करात एक खोट असते. टप्प्याच्या काठावर वस्तूची घडण बदलते : २५ वॅटपर्यंत एक दर आणि पुढे दुसरा असेल, तर २६ वॅटचा बल्ब कोणी काढणार नाही. शिवाय बल्ब किती तास चालतो याच्याशी कराला काही देणंघेणं नसतं. लवकर जळणारा स्वस्त बल्ब घेणाऱ्याला वर्षातून जास्त वेळा कर भरावा लागे.

प्रश्न : आमच्या गावात विम्को नाका आहे, कारखाना बंद झाला तरी नाव राहिलं. विम्कोचा मूळ मालक आणि जर्मनीतली काडेपेटीची मक्तेदारी यांचा काही संबंध आहे असं ऐकलं. खरं का?
– एक वाचक, अंबरनाथ

उत्तर : खरं आहे. विम्को म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. ती १९२३ मध्ये स्वीडिश मॅच या कंपनीने काढली, आणि स्वीडिश मॅचच्या मागे होते स्वीडनचे उद्योगपती ईव्हार क्रॉयगर. त्यांची पद्धत ठरलेली होती : पैशाच्या अडचणीत असलेल्या देशाला मोठं कर्ज द्यायचं आणि बदल्यात तिथल्या काडेपेटीच्या धंद्याचा मक्ता घ्यायचा.

पहिल्या महायुद्धाच्या खंडणीखाली दबलेल्या जर्मनीला त्यांनी १२ कोटी ५० लाख डॉलर दिले, ६ टक्के व्याजाने, ५० वर्षांच्या मुदतीने. त्यासाठी जानेवारी १९३० मध्ये काडेपेटी मक्तेदारीचा कायदा झाला. देशातल्या सगळ्या कारखान्यांनी माल एकाच मक्तेदार कंपनीला द्यायचा, विक्री आणि भाव तिच्या हाती, आयातही तिच्यामार्फत. सोव्हिएत रशियाच्या स्वस्त काडेपेट्या बाहेर ठेवणं हा त्यातला मुख्य डाव. क्रॉयगर १९३२ च्या मार्चमध्ये पॅरिसमध्ये मरण पावले, त्यांचं साम्राज्य कोसळलं; पण करार क्रॉयगर यांच्या आयुष्याशी बांधलेला नव्हता, कर्जाशी होता. नाझी राजवट आली-गेली, देशाची फाळणी झाली, आणि पश्चिम जर्मनीत हप्ते फिटेपर्यंत मक्ता चालूच राहिला. तो संपला जानेवारी १९८३ मध्ये.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. काडेपेटीवरचा कर वेगळा आणि मक्तेदारी वेगळी. कर १९०९ चा, तो १९८१ च्या सुरुवातीला गेला. मक्ता त्यानंतरही दोन वर्षं होता. म्हणून ‘कर गेला तरी काडेपेटी स्वस्त का झाली नाही’ या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : भाव ठरवणारी कंपनी अजून जागेवर होती. पश्चिम जर्मनीतली जुनी ‘वेल्टहोल्त्सर’ छापाची पेटी हाती आली तर ती याच मक्तेदारीच्या काळातली असण्याची शक्यता मोठी.

प्रश्न : आमच्याकडे उसाचा भाव साखर उताऱ्यावर ठरतो. जर्मनीत बिटाच्या वजनावर कर होता म्हणे. मग बीट उत्पादकाचं आणि कारखान्याचं गणित कसं जमत होतं?
– एक ऊस उत्पादक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : गणित कारखान्याचं जमलं, सरकारचं फसलं.

बिटात साखर असते हे बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ मार्गग्राफ यांनी १७४७ मध्ये दाखवलं. त्यांचे शिष्य आखार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सायलेशियातल्या कुनेर्न इथे पहिला बीट साखर कारखाना चालवला. धंदा वाढल्यावर १८४१ पासून कर बसला. साखर तोलण्याऐवजी कारखान्यात येणारं कच्चं बीट तोलायचं ठरलं. व्यवहाराला ते सोपं : गाडी काट्यावर घ्या, वजन लिहा, कर घ्या. आत काय शिजतं ते बघायची गरज नाही.

आता उताऱ्याचा विचार करा. उदाहरणादाखल धरू, की कायद्याने १२ किलो बिटापासून १ किलो साखर निघते असं गृहीत धरून दर लावला आहे. कारखान्याने चांगलं बियाणं, बारीक काप आणि रस काढायची सुधारलेली पद्धत वापरून ती ९ किलो बिटातच काढली, तर त्याने कर भरला ९ किलोचा, आणि साखर मात्र १२ किलोवाली. चौथा हिस्सा करमुक्त! म्हणजे उतारा वाढवणाऱ्याला कायद्यानेच बक्षीस दिलं. जर्मन बीट पैदासकारांनी जास्त गोड वाण निवडण्याचा जो सपाटा लावला, त्याच्यामागे हे कारण होतं. मोठं, पाणचट बीट करासाठी महाग. लहान आणि गोड बीट फायद्याचं. शेतकऱ्यालाही कारखान्यांनी तसंच बियाणं घ्यायला लावलं.

खरी गंमत निर्यातीत झाली. साखर परदेशी गेली की भरलेला कर परत मिळायचा, पण परतावा मोजायचा साखरेच्या वजनावर, गृहीत उताऱ्याने. भरला ९ किलोचा, परत मिळाला १२ किलोचा. निर्यात जसजशी वाढली तसतशी तिजोरीतली जमा आटत गेली. कारखान्यांना सरकारकडून आडवाटेने अनुदानच मिळत होतं. दर वाढवून, गृहीत उतारा बदलून ठिगळं लावण्याचे प्रयत्न झाले. बियाणं दर वेळी कायद्याच्या पुढे निघून गेलं. शेवटी १८९१ च्या कायद्याने कच्च्या मालावरची आकारणी सोडली आणि १८९२ पासून तयार साखरेवर कर घ्यायला सुरुवात झाली. काटा दारातून उचलून गोदामाच्या तोंडाशी नेला, असं म्हणा.

तुमच्याकडे उतारा वाढला की शेतकऱ्याला जास्त भाव, निदान नियमाप्रमाणे. तिथे तो वाढला की कारखान्याला करातून सूट. वाण सुधारण्याची घाई तिथे कारखानदाराला का होती, हे यावरून लक्षात येईल.

प्रश्न : सॅकरिन औषधाच्या दुकानातच मिळायचं, असं वाचलं. ते करामुळे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : कर नंतरचा, आधी बंदी. सॅकरिनचा शोध कॉन्स्टान्टिन फालबेर्ग यांनी लावला आणि माग्देबुर्गमध्ये त्याचा कारखाना निघाला. साखरेच्या कित्येक शे पट गोड आणि स्वस्त! बीट कारखानदार घाबरले आणि साखरेचा कर बुडेल म्हणून सरकारही. १९०२ च्या कायद्याने सॅकरिन औषधविक्रेत्यांपुरतं आणि मधुमेहींसारख्या गरजूंपुरतं ठेवलं. परिणाम अपेक्षितच : स्वित्झर्लंडच्या सरहद्दीवरून चोरटी आवक. इवल्याशा पुडीत किलोभर साखरेची गोडी मावत असेल तर दुसरं काय होणार? युद्धकाळात साखर टंचाई आली तशी बंदी सैल झाली आणि १९२२ पासून तिची जागा कराने घेतली.

प्रश्न : व्हिनेगरवर कर का नव्हता आणि ॲसेटिक आम्लावर का होता? दोन्ही एकच ना?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : आम्ल एकच, वाट वेगळी. आंबवून केलेलं व्हिनेगर मद्यार्कापासून बनतं आणि मद्यार्कावर आधीच कर. कारखान्यात लाकडापासून किंवा रसायनांतून काढलेल्या ॲसेटिक आम्लात पाणी घातलं की तेही व्हिनेगरसारखंच वापरता येतं, पण त्यावर कर नाही. हा फरक बुजवायला १९०९ मध्ये खाण्यासाठी वापरायच्या आम्लावर आकार बसवला.

प्रश्न : मिठाचा कर १९९२ पर्यंत? आमच्या शिरोड्याच्या मिठागरावर १९३० साली सत्याग्रह झाला. तिकडे कोणी आवाज उठवला नाही का? आणि गुरांच्या मिठालाही कर होता का?
– एक शिक्षक, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : दोन्हीकडे कर मिठावरच, पण जाच सारखा नव्हता. इथे मीठ बनवण्याचा हक्कच सरकारकडे होता आणि बनवणारा गुन्हेगार ठरत होता. जर्मनीत त्या अवस्थेचा काळ आधीचा. अठराव्या शतकातल्या प्रशियात सरकारी मिठाची मक्तेदारी होती आणि प्रत्येक घराने ठरलेलं मीठ विकत घेतलंच पाहिजे अशी सक्ती होती; लागो न लागो. मक्तेदारी १८६८ च्या सुरुवातीला गेली आणि तिच्या जागी साधा कर आला : ५० किलोला २ थालर. थालर म्हणजे ३ मार्क, म्हणून १०० किलोला १२ मार्क. १९९२ मध्येही आकडा हाच होता! मधे १९२६ मध्ये कर रद्द झाला होता. १९३२ च्या मंदीत आणीबाणीच्या वटहुकमाने तो परत आणला. सव्वाशे वर्षांत पैशाचं मोल इतकं घसरलं, की ज्या आकड्याने एकेकाळी गरिबाचं कंबरडं मोडलं असतं तो शेवटी कुणाच्या लक्षातही येत नव्हता. रस्त्यावर कोण उतरणार?

गुरांच्या मिठाला कर नव्हता. कारखान्यांत सोडा बनवायला, कातडी कमवायला, रस्त्यावरचं बर्फ वितळवायला लागणाऱ्या मिठालाही नाही, आणि मासे खारवण्यालाही सवलत होती. पण करमुक्त मीठ स्वयंपाकघरात वळू नये म्हणून ते आधी बिघडवावं लागे. गुरांच्या मिठात आयर्न ऑक्साइड मिसळत. मीठ विटकरी लाल व्हायचं, गुरांना अपाय नाही, पण पानात वाढता येत नाही. गाळून किंवा धुऊन वेगळं करायचं म्हटलं तर मीठच पाण्यात विरघळतं. मग द्रावण निवळून, आटवून पुन्हा कण काढायचे. किलोला १२ फेनिग वाचवायला एवढं सरपण जाळणं कोणालाच परवडणारं नव्हतं. भेसळ निवडताना हीच कसोटी असते : वेगळी करण्याचा खर्च कराहून जास्त हवा. मिसळणी खाणीतच, अधिकाऱ्याच्या नजरेखाली होई. नंतर दुकानात करून चालत नसे.

प्रश्न : माझ्याकडे जुना जर्मन कॅट आहे. बदामाच्या एक्क्यावर गोल शिक्का आहे. तो कराचा का? त्यावरून काळ ठरवता येईल का?
– एक गंजिफाप्रेमी, सावंतवाडी

उत्तर : होय, तो पत्त्यांच्या कराचा शिक्का. १८७८ च्या कायद्याने १ जानेवारी १८७९ पासून साम्राज्यभर एकच कर लागू झाला : ३६ पर्यंत पानांच्या कॅटला ३० फेनिग, त्याहून जास्त पानांना ५० फेनिग. स्काट या जर्मन खेळाचा कॅट ३२ पानांचा, म्हणून तो स्वस्त दरात बसायचा. शिक्का बदामाच्या एक्क्यावर मारत, कारण एक पान गेलं की कॅट निकामी, आणि एक्का सगळ्या खेळांत लागतोच.

काळ ठरवताना असं पाहा. शिक्क्यात ‘डॉइचेस राइख’ अशी अक्षरं आणि ३० किंवा ५० चा आकडा असेल तर कॅट १८७९ नंतरचा आणि साधारण पहिल्या महायुद्धापर्यंतचा. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी अशा एखाद्या राज्याचा शिक्का असेल तर १८७९ च्या आधीचा. शिक्क्यातला क्रमांक शिक्का मारणाऱ्या कचेरीचा. तो सालाचा आहे असं समजून अनेकजण फसतात. मुख्य धोका वेगळाच : एक्का बदललेला असू शकतो. एक्क्याची पाठ बाकीच्या पानांशी जुळते का, कडांची झीज आणि कागदाचा पिवळेपणा सारखा आहे का, ते आधी बघा. जुना शिक्का असलेला एक्का नव्या कॅटमध्ये घुसवणं त्या काळीही चालायचं, कारण बिनशिक्क्याच्या पत्त्यांनी नुसतं खेळलं तरी कॅटमागे ३० मार्क दंड होता.

प्रश्न : १९९३ लाच हे सगळे कर का गेले? सरकारला लोकांची दया आली का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दया नव्हे, नाके उठले. १ जानेवारी १९९३ ला युरोपची एकसंध बाजारपेठ सुरू झाली आणि सदस्य देशांमधली मालाची सीमातपासणी संपली. आपल्याकडे जकात नाके उठल्यावर पालिकांना वेगळा मार्ग शोधावा लागला, तसंच. इंधन, दारू आणि तंबाखू यांच्यासाठी युरोपने समान नियम केले. बाकी वस्तूंवर कर ठेवायची देशांना मुभा होती, पण एका अटीवर : त्यासाठी सरहद्दीवर गाडी थांबवायची नाही, कागद मागायचा नाही. हॉलंडमधून आलेल्या बल्बच्या खोक्यावर किंवा फ्रान्समधल्या मिठाच्या पोत्यावर मग कर घेणार कसा? देशातला माल महाग आणि शेजारचा स्वस्त झाला असता. चहा-मिठासाठी देशभर वेगळी यंत्रणा उभारणं परवडत नव्हतं. कॉफीच्या कराचं उत्पन्न मोठं, म्हणून तो मात्र राहिला.

प्रश्न : आम्ही श्टुटगार्टला राहतो. दुकानाच्या बिलावर चहा-कॉफीचा कर कुठे दिसत नाही. आई-बाबा भारतातून येताना चहा आणि कॉफी आणणार आहेत. काही भरावं लागेल का?
– एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : चहावर आता फक्त व्हॅट, म्हणजे ७ टक्के. साखर-मिठालाही तेवढाच. बल्ब, काडेपेटी, पत्ते यांना १९ टक्के. बिलात वस्तूपुढे ‘ए’ किंवा ‘बी’ असतं. कोणतं अक्षर कोणत्या दराचं ते दुकानागणिक बदलतं, म्हणून तळाचा छोटा तक्ता बघा.

कॉफीवर मात्र खास कर आजही आहे : भाजलेल्या कॉफीला किलोमागे २.१९ युरो, इन्स्टंटला ४.७८ युरो. (मार्काच्या काळातल्या ४.३० चंच हे रूपांतर.) अर्ध्या किलोच्या पाकिटात १ युरो साडेनऊ सेंट हा कर, आणि त्या करावरही ७ टक्के व्हॅट, दोन्ही मिळून सुमारे १ युरो १७ सेंट. पाकीट ६.९९ युरोचं असेल तर कॉफीचा कर आणि संपूर्ण व्हॅट मिळून जवळपास १ युरो ५५ सेंट सरकारला जातात. कॅफिन काढलेल्या कॉफीलाही सूट नाही. हिरव्या, न भाजलेल्या दाण्यांवर हा कर नाही. नुसत्या चिकोरीवरही नाही, पण कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात किलोमागे १० ग्रॅमहून जास्त कॉफी असली की ते कॉफीयुक्त माल म्हणून टप्प्यांच्या दरात येतं. थ्री-इन-वन पुड्यांचंही तसंच.

आई-बाबा विमानाने येत असतील तर त्यांच्या सामानातल्या सर्व भेटवस्तू आणि खाऊ धरून प्रत्येकी ४३० युरो किमतीपर्यंतचा खासगी वापराचा माल करमुक्त आणता येतो. चहा-कॉफी त्यातच धरायची. दोघांची मर्यादा एकत्र करून एकच महाग वस्तू आणता येत नाही. दुधाचे पदार्थ त्यांना आणता येणार नाहीत, म्हणून दूध पावडर घातलेल्या चहाच्या तयार पुड्या घरीच ठेवायला सांगा. साधी पत्ती आणा. इन्स्टंट चहाच्या पाकिटावर घटकांची यादी वाचून घ्या. युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशातून स्वतः गाडीने येताना १० किलोपर्यंत कॉफी खासगी वापराची मानतात. टपालाने मागवलेल्या कॉफीला ही सवलत नाही, ती करपात्र आहे; स्वस्त दिसणारी परदेशी ऑनलाइन कॉफी घेताना विक्रेता जर्मन कर भरतो का, ते आधी विचारा.

ही एवढी दक्षता का, ते १९५० च्या आसपासचा आखन परिसर आठवला की कळेल. तेव्हा किलोला १० मार्क कर होता. बेल्जियमच्या सीमेवरून रात्री पोती येत. पोलिसांच्या टायरसाठी तस्कर रस्त्यावर लोखंडी काटे टाकत, तर सीमाशुल्क खात्याने ते झाडायला पोर्शे गाडीच्या पुढच्या चाकांसमोर ब्रश बसवले. आयफेलमधल्या श्मिट गावच्या चर्चची पुनर्बांधणी तस्करांच्या देणग्यांनी झाली म्हणून लोक त्याला आजही ‘झांक्ट मोक्का’, म्हणजे ‘संत कॉफी’ म्हणतात. १९५३ मध्ये कर ४ मार्कांवर आला आणि धंदा बसला.

प्रश्न : पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट जास्त लावतात. हा कुठला कर?
– एक नवागत विद्यार्थी, म्युनिक

उत्तर : कर नाही, अनामत. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटलीला किंवा डब्याला २५ सेंट, बिअरच्या परत भरायच्या काचेच्या बाटलीला साधारण ८ सेंट. सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाका, पावती घ्या, ती त्याच दुकानात काउंटरवर द्या. बाटली चेपू नका आणि लेबल काढू नका. यंत्र बारकोड आणि अनामतीची खूण वाचतं, ते दिसलं नाही तर बाटली परत बाहेर येते. झाकण असलं तरी चालतं.